दिवे गेल्यावर बटण दाबतं कोण?

संध्याकाळी सातची वेळ असते. हात कणकेत असतात, कुकरची एक शिट्टी झालेली असते, मुलगी गणितं सोडवत बसलेली असते आणि दिवे जातात. "गेले!" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. खाली आवारात एक खरखर होते, मग धडधड सुरू होते आणि दहा-बारा आकडे मोजेपर्यंत दिवे परत आलेले असतात. आपण पुन्हा कणीक मळायला लागतो. त्या दहा-बारा सेकंदांत खाली कोणी धावलं का? वॉचमन तर फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला. मग बटण दाबलं कुणी?

आमच्या इमारतीत राहायला येऊन सात वर्षं झाली होती, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नळ सोडला की पाणी येतं तसा दिवे गेले की जनरेटर सुरू होतो, एवढंच माझं ज्ञान. महिन्याच्या मेंटेनन्सच्या पावतीवर 'डिझेल' असा एक रकाना असतो आणि तो वाचताना आमचे हे कुरकुरतात, हे दुसरं ज्ञान. तिसरं काही नाही.

मग २०२२ सालच्या मे महिन्यातली ती संध्याकाळ आली.

आम्ही सांगलीत राहतो. पाच मजली इमारत, वीस बिऱ्हाडं. मामंजींना त्या वर्षी फुप्फुसाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितलं होतं. हे यंत्र तुमच्यापैकी पुष्कळजणींनी करोनाच्या काळात पाहिलं असेल. ते हवेतला नायट्रोजन गाळून बाजूला काढतं आणि राहिलेला ऑक्सिजन नळीने नाकाशी आणून देतं. पण ते ऑक्सिजन साठवून ठेवत नाही. वीज गेली की यंत्र थांबलं आणि नळीत नुसती हवासुद्धा येत नाही. म्हणून सोबत एक छोटा सिलिंडर आणून ठेवला होता. शिवाय इमारतीला जनरेटर आहे, हा भरवसा होताच.

त्या दिवशी वळवाचा पाऊस आला. वारा असा की गॅलरीतली तुळस कुंडीसकट आडवी झाली. दिवे गेले. कॉन्सन्ट्रेटर लहान मुलासारखा किंचाळायला लागला. वीज गेली की तो ओरडतो. मी मनात मोजायला लागले. दहा. पंधरा. खाली खरखर ऐकू आली आणि थांबली. पुन्हा खरखर, आधीपेक्षा दमलेली. तिसऱ्यांदा तर नुसता टक्-टक् असा आवाज झाला आणि मग पावसाखेरीज काहीच ऐकू येईना.

आमचे हे त्या दिवशी कोल्हापूरला गेलेले. सासूबाई मामंजींना पंख्याने वारा घालत होत्या. सिलिंडर होता, पण तो उघडायची चावी कुठे? ती कपाटावर ठेवली होती हे मला मोबाईलच्या उजेडात पाच मिनिटांनी सापडलं. आणि सिलिंडर उघडला तर काटा पावाच्याही खाली. मामंजी मोठे शांत गृहस्थ. बोलता येत नव्हतं, पण हाताने 'असू दे, असू दे' अशी खूण करत होते. ती खूण मला अजून झोपेत दिसते.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाने आपली मोटार जनरेटरच्या खोलीपर्यंत आणली, मोटारीच्या बॅटरीवरून जाड वायरी जनरेटरच्या बॅटरीला लावल्या आणि इंजिन धडधडलं. दिवे गेल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती. (हे काम त्या मुलाला येत होतं म्हणून ठीक. आपण कोणी करायला जाऊ नये. बॅटरीच्या तोंडाशी पेटणारा वायू असतो आणि एक ठिणगी पुरते.)

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. साठीच्या घरातले, अंगात निळा शर्ट, बोटांना कायमचं काळं तेल. त्यांनी दोन मिनिटांत चोर पकडला. जनरेटरच्या खोलीत भिंतीवर एक प्लग आहे आणि त्या प्लगवर बॅटरीचा चार्जर असतो. दोन आठवड्यांपूर्वी इमारतीत एक लग्न होतं. मांडवाच्या माळांना जागा हवी म्हणून कोणीतरी तो प्लग काढून तिथे माळांची वायर खुपसली होती. लग्न झालं, माळा गेल्या, प्लग मात्र तसाच लोंबत राहिला.

"वैनी," मेस्त्री म्हणाले, "इंजिन लय इमानदार असतंय. दगा देती ती बॅटरी."

मी तिथेच त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, "मला हे सगळं पहिल्यापासून सांगा." सोसायटीचे एक पदाधिकारी बाजूला उभे होते. ते हसून म्हणाले, "तुम्हाला कशाला हे, आम्ही बघतो की." मी म्हटलं, "तुम्ही बघत होता म्हणूनच तर." एवढं तोंडाळ उत्तर मी आयुष्यात प्रथमच दिलं.

लोखंडी कपाटातला पहारेकरी

जनरेटरच्या शेजारी एक लोखंडी कपाट असतं. त्याला ए.एम.एफ. पॅनेल म्हणतात, म्हणजे ऑटो मेन्स फेल्युअर. बाहेरची वीज गेली की आपोआप काम करणारं पॅनेल. बटण दाबतो तो हाच. त्याच्यात एक छोटा कंट्रोलर असतो आणि तो रात्रंदिवस एकच काम करतो: बाहेरून येणाऱ्या तिन्ही फेजच्या विजेवर नजर ठेवतो. वीज पूर्ण गेली तर त्याला कळतंच, पण एखादीच फेज गेली किंवा दाब फार खाली आला तरीही कळतं.

कळल्याबरोबर तो लगेच धावत नाही. दोन-चार सेकंद थांबतो. आपल्याकडे दिवे डोळा मिचकावल्यासारखे जातात-येतात. दर वेळी इंजिन सुरू करत बसलं तर त्याचा जीव जाईल. तेवढ्या वेळात वीज आली नाही तर मग तो बॅटरीला हुकूम देतो.

आता इथे खरी गंमत आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी पाडणारी सोय नसते. आत घेतलेली हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. तो आपला आपण पेटतो. पण पहिल्यांदा हवा दाबणार कोण? इंजिन तर झोपलेलं. म्हणून त्याला बाहेरून कोणीतरी गरगर फिरवावं लागतं. ते काम स्टार्टर नावाची छोटी मोटर करते आणि तिला वीज मिळते बॅटरीकडून. ती जी खरखर आपल्याला ऐकू येते ना, तो आवाज स्टार्टरचा.

इंजिनाने पेट घेतला की स्टार्टर बाजूला होतो. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर येऊन स्थिरावतं. १५००च का, असं मी विचारलं. तर आपल्या घरातली वीज ५० सायकलची असते आणि या जनरेटरच्या गुंडाळ्यांची रचना अशी की नेमक्या १५०० फेऱ्यांना ५० सायकल मिळतात. फेऱ्या कमी पडल्या तर पंखे मंद आणि जास्त झाल्या तर उपकरणांना धोका. विजेचा दाब योग्य राखायला आणखी एक छोटं यंत्र आत असतं. दोन्ही बरोबर आहेत अशी खात्री झाली की पॅनेल बाहेरच्या विजेचा दरवाजा बंद करतं आणि जनरेटरचा उघडतं. त्या वेळचा 'खट्ट' आवाज खालच्या मजल्यावरच्या बायकांना ओळखीचा असेल.

पहिल्या प्रयत्नात इंजिन पेटलं नाही तर थोडं थांबून दुसरा, मग तिसरा. साधारणपणे तीन प्रयत्नांनंतर पॅनेल हात टेकतं आणि पडद्यावर 'फेल टू स्टार्ट' अशी अक्षरं येतात. आमच्याकडे त्या रात्री तीच अक्षरं लाल होऊन चमकत होती. वाचणारं कोणी नव्हतं.

बाहेरची वीज परत आली तरीही पहारेकरी घाई करत नाही. आलेली वीज टिकते का हे एक-दोन मिनिटं पाहतो, मग भार तिच्याकडे सोपवतो. त्यानंतरही इंजिन काही मिनिटं रिकामं चालू राहतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नेहमी ओरडायच्या, "दिवे आले तरी डिझेल जाळतायत मेले!" पण ते जाळणं नव्हे. तापलेल्या इंजिनातून तेल-पाणी फिरत राहून ते सावकाश निवावं लागतं. तवा चुलीवरून काढून गार पाण्यात घातला की काय होतं, ते काकूंना सांगितल्यावर त्या गप्प बसल्या.

तो दुसरा दरवाजा

मघाशी मी दोन दरवाजे म्हटलं. त्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पॅनेलमध्ये अशी अडसर घातलेली असते की बाहेरची वीज आणि जनरेटरची वीज हे दोन दरवाजे एका वेळी कधीच उघडे राहू शकत नाहीत. ही अडसर नसती तर जनरेटरची वीज उलट्या वाटेने रस्त्यावरच्या तारेत गेली असती. तिकडे खांबावर वायरमन चढलेला असतो. लाइन बंद आहे म्हणून तो हात घालतो.

म्हणून सांगते, लहान पोर्टेबल जनरेटर आणून दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायची, ही युक्ती कोणी सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि असा लहान जनरेटर गॅलरीत, जिन्यात, बंद खोलीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. खिडकी किलकिली केली तरी भागत नाही. तो उघड्यावर आणि घराच्या दारा-खिडक्यांपासून लांबच हवा.

हँडल मारण्याचे दिवस

हे सगळं आता आपोआप होतं, पण माझ्या माहेरी, मिरज तालुक्यात, विहिरीवर डिझेल इंजिन होतं. ते सुरू करणं म्हणजे पहिलवानाचं काम. एक जण लोखंडी हँडल घालून चाक फिरवायचा, वेग आला की वरची एक कळ पाडायची आणि इंजिन 'डुग... डुग... डुग' करत उठायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. माझ्या चुलत्यांचा उजवा हात तसा मोडला होता आणि तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. त्या इंजिनाला बायकांनी हात लावायचा नाही असा दंडकच होता.

मोटारींचंही तेच होतं. पुढे हँडल मारूनच मोटार सुरू करायची. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनियरने बॅटरीवर चालणारा स्टार्टर केला आणि १९१२ साली कॅडिलॅक गाडीत तो प्रथम आला. बायकांना एकटीने मोटार बाहेर काढणं त्यामुळे किती सोपं झालं असेल, याचा अंदाज ज्यांनी ते हँडल पाहिलंय त्यांना लगेच येईल. आपल्या इमारतीतला जनरेटरही त्याच तत्त्वावर उठतो. फक्त चावी फिरवायचं काम पॅनेल करतं.

आणि डिझेल इंजिन आपल्या भागाला काही परकं नाही. आमच्या जिल्ह्यातच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिकही निघालं. नांगर, इंजिन आणि बायकांचं मासिक एकाच घरातून! मग बायकांनी इंजिनाबद्दल वाचायला काय हरकत आहे?

मेस्त्रींची शाळा

त्या दिवसापासून आमच्या भिशीतल्या पाचजणींनी जनरेटरची वही आपल्याकडे घेतली. तेल बदलायचं ते मेस्त्रीच बदलतात. पण बदललं का, कधी बदललं, हे वहीत आम्ही लिहितो. मेस्त्रींनी आम्हाला जे शिकवलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट पाहायची ती पॅनेलवरची कळ. तिच्यावर ऑटो, मॅन्युअल आणि ऑफ अशी ठिकाणं असतात. काम झाल्यावर माणसं ती 'ऑटो'वर परत आणायला विसरतात. बाकी सगळं उत्तम असूनही जनरेटर मग ढिम्म हलत नाही. तसंच लाल रंगाचं तातडीने बंद करायचं बटण. खेळताना मुलांनी ते दाबलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. आमच्या खोलीला आता कुलूप आहे. एक किल्ली वॉचमनकडे, एक पहिल्या मजल्यावर.

मग बॅटरी. आमची बारा व्होल्टची आहे. मोठ्या जनरेटरना चोवीसची असते. पॅनेलच्या पडद्यावर बॅटरीचे व्होल्ट दिसतात. चार्जर नीट चालू असेल तर बारा व्होल्टच्या बॅटरीचा आकडा तेराच्या वर असतो. तो साडेबाराच्या खाली दिसला की चार्जर बंद आहे असं समजायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा. इतका सोपा आकडा! दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला यात अवघड काय? लग्नानंतरचे ते दोन आठवडे कोणी एकदा जरी पडद्याकडे पाहिलं असतं तरी मामंजींवर ती वेळ आली नसती.

पण नुसत्या आकड्यावरही विसंबू नये. म्हातारी बॅटरी बसल्या जागी छान आकडा दाखवते आणि स्टार्टरने जोर मागितला की कोसळते. तीन-चार वर्षं झाली की बॅटरी चालू असली तरी बदलावी, असं मेस्त्रींचं मत. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट फुलोरा आला तर तो मेस्त्रींकडून साफ करून घेऊन वर व्हॅसलीन लावायचं. पाणी घालायची जात असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नाही. आणि हे काम उघड्या हाताने, नवी साडी नेसून करू नये. आत गंधकाचं आम्ल असतं. माझ्या एका पदराला भोकं पडली आहेत, म्हणून सांगते.

डिझेलबद्दल मला सगळ्यात नवल वाटलं. मला वाटायचं, डिझेल काय, वर्षानुवर्षं टिकत असेल. तर नाही. तेही शिळं होतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाण्याचे थेंब होतात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, तिथे बुरशीसारखा चिखल धरतो आणि ऐन वेळी फिल्टर तुंबतो. म्हणून पावसाळ्याआधी टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवायची, तळाचं पाणी काढून घ्यायचं, आणि वर्षभर पडून राहिलेलं डिझेल वापरून नवं भरायचं. आमचा जनरेटर ४० केव्हीएचा. तो पाऊण भारावर तासाला सात-आठ लिटर डिझेल पितो. त्या हिशेबाने किमान आठ तासांचं डिझेल कायम टाकीत असायचं, असं आम्ही ठरवून घेतलं.

इंजिनाचं तेल ठरावीक तासांनंतर बदलायचं असतं. किती तासांनंतर ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आमच्या पुस्तकात २५० तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. सोसायटीत वाद झाला, "वर्षात तर साठच तास चालला, तेल कशाला बदलायचं?" अहो, तळणीचं तेल एकदाच वापरून वर्षभर कढईत ठेवलं तर पुन्हा त्यात वडे तळाल का? न चालताही ते खराब होतंच.

महिन्यातून एकदा दिवे घालवा

जनरेटर विश्वासाचा राहावा म्हणून सगळ्यात मोठा उपाय कोणता, असं मला विचाराल तर तो म्हणजे त्याला मुद्दाम चालवून पाहणं. पण कसं? आमच्याकडे पूर्वी वॉचमन दर शनिवारी हिरवं बटण दाबायचा, पाच मिनिटं इंजिन धडधडायचं, बंद. सगळे खूश. मेस्त्री म्हणाले, ही परीक्षाच नव्हे. बटण दाबून इंजिन उठतं एवढंच कळलं. वीज गेलेली पॅनेलला कळते का, दरवाजे बदलतात का, भार पेलतो का, हे कुठे कळलं?

शिवाय रिकामं चालवणं डिझेल इंजिनाला मानवत नाही. भार नसला की ते पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळीचा चिकट काळा रस धुराड्यात साठतो. ओल्या लाकडांची चूल जशी नुसती धुमसते तसं. म्हणून महिन्यातून एकदा खरोखरच इमारतीची बाहेरची वीज मुख्य स्विचवरून बंद करायची आणि जनरेटरला खऱ्या भारावर अर्धा तास चालवायचं. भार त्याच्या ताकदीच्या निदान तीस टक्के तरी हवा. अमेरिकेत इस्पितळांच्या जनरेटरना महिन्यातून एकदा अर्धा तास, इतक्याच किमान भारावर चालवायचा दंडक आहे.

यावरूनच एक गोष्ट सांगते. सोसायटीला जनरेटर घ्यायचा असेल तर 'असू दे मोठा' असं म्हणू नका. नेहमी अर्ध्यापोटी चालणारा मोठा जनरेटर पैसे जास्त खातो आणि काजळी धरतो. उलट बाजूने, आमच्यासारख्या ४० केव्हीएच्या जनरेटरमधून साधारण ३२ किलोवॅट मिळतात. त्यात लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे दिवे आणि प्रत्येक घराला दोन-तीन दिवे, दोन पंखे एवढं बसतं. गीझर बसत नाही. एका बिऱ्हाडाने गुपचूप गीझर त्या लाइनवर घेतला होता. कोण ते मी लिहीत नाही. त्या हे वाचतीलच.

आमची परीक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला असते. आधी सगळ्यांना सांगतो, लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करतो. एरवी दिवे गेले आणि तुम्ही लिफ्टमध्ये असलात, तर दार ओढू नका. लिफ्टला बॅटरीवर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी सोय असेल तर ती काम करेल, नाहीतर जनरेटर. दोन्ही नसलं तरी आतली घंटा वाजवून थांबून राहणंच चांगलं.

पाणी

आमच्याकडे कृष्णेचा पूर काही नवा नाही. पावसाळ्यात सांगलीकर आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतात आणि मग चहा घेतात. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथे सगळ्यांना पाठ आहेत. २०१९ च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि जनरेटरची बॅटरी आणि पॅनेलचा खालचा भाग बुडाला. म्हणजे ज्या दिवसांसाठी जनरेटर ठेवला, नेमक्या त्याच दिवसांत तो पाण्याखाली.

ही चूक फक्त आपल्याकडेच होते असं नाही. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातले जनरेटर ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाले होते! पण तासाभरातच त्सुनामीची लाट आली आणि खाली ठेवलेले जनरेटर आणि पॅनेलं बुडाली. उंचावर असलेला, हवेने थंड होणारा एक जनरेटर तेवढा चालत राहिला आणि त्याने दोन अणुभट्ट्या वाचवल्या. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला सँडी वादळात एका मोठ्या इस्पितळाचे जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात! तीनशेहून जास्त रुग्णांना रात्रीतून जिन्यांवरून खाली आणावं लागलं.

आमच्या जनरेटरखाली आता छातीइतका उंच चौथरा आहे. चार्जर आणि पॅनेलही वर घेतलंय. तुमच्या इमारतीत जनरेटर तळघरात असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारा, मीटिंगला 'हे' जात असले तरी तुम्ही जा.

घरात रुग्ण असेल तर

जनरेटर कितीही चांगला असला तरी दहा-बारा सेकंद जातातच. इस्पितळात अतिदक्षता विभागाची यंत्रं म्हणून बॅटरीवरच्या यूपीएसला जोडलेली असतात. ती क्षणभरही थांबत नाहीत, आणि तोवर जनरेटर उठतो. घरीही तीच साखळी हवी. कॉन्सन्ट्रेटर किंवा तसलं यंत्र असेल तर ते चांगल्या, साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर घ्या. पाच लिटरच्या यंत्राला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. इन्व्हर्टर घेताना हा आकडा दुकानदाराला सांगा आणि किती तास चालेल ते लिहून घ्या. शिवाय भरलेला सिलिंडर हवा, आणि त्याची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली. कपाटावर नाही.

मामंजी पुढच्या वर्षी गेले, त्यांच्या दुखण्यानेच. शेवटचे आठ-दहा महिने दिवे कितीदा तरी गेले, पण त्यांच्या नाकाशी नळी कधी रिकामी राहिली नाही. कॉन्सन्ट्रेटर आम्ही दुसऱ्या एका घरी दिला. वही मात्र चालू आहे. चार्जरचा तो प्लगच आता काढून टाकलाय आणि वायर थेट जोडून घेतलीय, म्हणजे कुणाच्या लग्नाला ती उपसता येणार नाही.

वहीत पाच रकाने आहेत: तारीख, बॅटरीचे व्होल्ट, टाकीतलं डिझेल, किती तास चालला, आणि दिवे गेल्यापासून येईपर्यंत किती सेकंद. हा शेवटचा रकाना माझ्या सूनबाईने सुचवला. आमचा नेहमीचा आकडा अकरा. गेल्या श्रावणातल्या रविवारी तो सतरा आला, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिला तर एकोणीस. इंजिन उठत होतं, दिवे येत होते, कोणाची तक्रार नव्हती. आम्ही तरीही मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी डिझेलचा फिल्टर उघडला, तर आत पळीभर पाणी.